सात घोडे, सात काड्या

आमच्या यावलला सकाळी पायी चालणाऱ्या माणसाकडे एकतर शेत असतं, नाहीतर साखर. माझ्याकडे दोन्ही नाही. त्यामुळे मी पाटाच्या रस्त्याने चालायला लागलो तेव्हा पहिला महिनाभर समोरून येणारा प्रत्येक जण चेहरा पाडून विचारायचा, "किती निघाली?" मी सांगायचो, "नाही हो, मी फोटो काढायला येतो." यावर ते आणखी चेहरा पाडायचे. साखरेवर गोळी तरी असते.

मी बसस्थानकावर नियंत्रक आहे. माईकवरून गाड्या पुकारणं हे माझं काम आणि तेवढीच माझी रंगभूमी. "भुसावळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" हे वाक्य मी वीस वर्षांत करुण, वीर आणि शृंगार अशा तिन्ही रसांत म्हणून पाहिलं. कोणी दाद दिली नाही. सगळे गाडीकडे पळाले. प्रेक्षक पळताना पाहायची सवय मला तिथेच लागली. पुढे ती उपयोगी पडली.

फोटोंचं खूळ शिरलं ते मुलीमुळे. तिने नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला. पहिल्याच सकाळी वाऱ्याने चिरून झालर झालेलं एक केळीचं पान दिसलं, मागून ऊन येत होतं. जन्मभर केळीच्या गावात राहून मी केळीच्या पानाकडे पाहिलं होतं ते फक्त त्यावर काय वाढलंय हे बघायला. त्या दिवशी मी त्या एका पानाचे चाळीस फोटो काढले आणि कामावर उशिरा पोचलो.

मग डोळ्यांना चटकच लागली. रुईचं बोंड फुटून बाहेर आलेलं रेशीम. पाटाच्या पाण्यात उलटी लटकलेली विजेची तार आणि तिच्यावर बसलेला उलटा कोतवाल पक्षी. ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेलेल्या पिंपळपानाची चिखलात उमटलेली नक्षी. सुट्टीच्या दिवशी सातपुड्याच्या अंगाने थोडं पुढे जायचो, तिकडे खैर आणि पळस भेटायचे. खाली पडलेलंच उचलायचं, तोडायचं नाही, हा माझा नियम. खिसे भरून काड्या घरी यायला लागल्या. फोटो छापायचे, कापायचे आणि काड्या, पानं, केळीच्या खोडाची तांब्याच्या रंगाची वाळकी सोपटं यांच्या जोडीला प्लायवूडवर चिकटवायचे. याला कोलाज म्हणतात, हे मी घरात जाहीर केलं.

"लोक सकाळी कचरा बाहेर टाकतात," बायको म्हणाली, "आमच्याकडे सकाळी आत येतो."

पण तिने मैद्याची खळ करून दिली, पातेलं मीच घासायचं या अटीवर. व्हार्निशला मात्र साफ नकार. "त्या वासाने माझं डोकं उठतं. तो डबा आत आला तर मी माहेरी गेले म्हणून समजा." मी मोहाचा क्षण टाळला. व्हार्निश आलं नाही.

फोटो छापणारा स्टुडिओवाला मुळात लग्नातला माणूस. त्याने माझी पाटावरची म्हैस गोरी करून दिली. "काका, चेहरा उजळवला, पैसे वेगळे नाही घेतले." दुसऱ्या फोटोत केळीच्या बागेमागे त्याने बर्फाचे डोंगर उभे केले होते. मी ओरडलो तेव्हा तो मनापासून दुखावला. त्याच्याकडे येणाऱ्या कोणाही गिऱ्हाइकाला स्वतःचा आहे तसा चेहरा नको असतो. असा हट्ट धरणारा मी पहिलाच.

अशात एके दिवशी अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, दिली धुळ्याला. लहानपणी मी तिची भूगोलाची वही कापून तिच्यातले नकाशे भिंतीवर चिकटवले होते. ते माझं पहिलं कोलाज. त्यासाठी शाळेत मार तिने खाल्ला.

"घर झालं रे," ती म्हणाली. "हॉलमधली समोरची भिंत तुझ्यासाठी ठेवलीय. मोठं काहीतरी कर. पण वास्तुशांतीच्या दिवशी घेऊनच ये. त्या दिवशी भिंत मोकळी दिसली तर तुझे दाजी तिथे घोडे लावतील."

घोडे म्हणजे सात पांढरे घोडे, समुद्राच्या फेसातून उधळत येणारे. खानदेशात समुद्र नाही, पण हे घोडे घरोघरी आहेत. ते लावले की भरभराट होते, असं दाजींना दुकानदाराने सांगितलं होतं. माझ्याकडे भरभराटीची हमी नव्हती. माझ्याकडे होत्या काड्या.

पण भिंत! अख्खी भिंत! आजवर माझी कला आमच्या घरात फ्रिजच्या मागे, पलंगाच्या खाली आणि एकदा तर गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून नांदली होती. आता पाहुणे ज्या भिंतीकडे तोंड करून चहा पितात ती भिंत मिळणार होती. चार फूट बाय तीन फुटांचं प्लायवूड आणलं आणि कामाला लागलो. मध्यभागी काय ठेवायचं हे मात्र सुचेना.

ते सुचवलं वाऱ्याने. एका संध्याकाळी जोराचं वादळ झालं आणि सकाळी पाटाकडेच्या एका बागेत पाच-सहा केळी आडव्या पडलेल्या दिसल्या. पडलेल्या पानांवर ऊन असं काही सांडलं होतं की मी गुडघ्यावर बसलो. मागून आवाज आला.

"काय रे भो, पंचनाम्याले आला का?"

बागेचे मालक, आबा. वय सत्तरीचं, डोक्याला उपरणं. मी म्हटलं, "नाही आबा, मी पानांचा फोटो काढतोय."

"पानाचा कायले? पडलेल्या झाडाचा काढ. अन् थांब, मी उभा राहतो. नुसत्या झाडाचा फोटू साहेब मानत नाही."

मी तीन वेळा समजावलं की मी सरकारी नाही, मी हौशी. आबांनी तीन वेळा मान डोलावली आणि पडलेल्या केळीजवळ जाऊन उभे राहिले. एक हात केळीकडे, नजर थेट कॅमेऱ्यात, चेहऱ्यावर असा भाव की सृष्टीच्या नाशाचं आपल्याला काही नवल नाही. मागून सूर्य उगवत होता, तो बरोबर त्यांच्या उपरण्यामागे आला. मी फोटो काढला. जाताना आबांनी डझनभर केळी माझ्या हातात कोंबली. "साहेबाले नीट सांग मंग."

मधली जागा भरली. आबा मध्यभागी, भोवती सोपटांचे तांबडे डोंगर, आणि कडेने, सूर्याच्या किरणांसारख्या, माझ्या निवडक सात काड्या.

वास्तुशांतीच्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. प्लायवूड चादरीत गुंडाळलं होतं. "दार आहे का?" वाहकाने विचारलं. "खिडकी," मी म्हणालो. तो माझ्याच ओळखीचा, त्यामुळे हसला नाही. त्याने खिडकीचं पूर्ण तिकीट फाडायची धमकी दिली.

धुळ्याच्या कडेला नवी वसाहत, चार घरं, बाकी प्लॉट आखलेले खुंट आणि दोऱ्या. हॉलमध्ये समोरची भिंत मोकळी, तिच्यावर खिळा ठोकलेला. आणि भिंतीखाली, कोऱ्या सोनेरी चौकटीत, सात घोडे! दाजी त्यांच्याशेजारी असे उभे होते जणू ते स्वतः आठवे. मी चादर सोडली. दाजी वाकून बघत राहिले.

"हाऊ बठ्ठा पालापाचोळा शे ना, शालकबुवा!" दाजी म्हणाले. "आन् हाऊ म्हतारा कोन शे?"

"भिंत त्याची आहे," अक्का चुलीकडून ओरडली. "आधी पूजा होऊ द्या, मग बघू."

पूजा सुरू झाली. अक्का आणि दाजी पाटावर, दोघांची गाठ बांधलेली. गणपती झाला, कलश झाला, होमकुंड पेटलं आणि गुरुजींनी हात पुढे केला. "समिधा."

दाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा स्टुडिओवाल्याच्या म्हशीइतका उजळला, म्हणजे पांढरा पडला. घोड्यांची काच फुटू नये म्हणून ते रिक्षात चौकट मांडीवर घेऊन बसले होते. पूजेच्या सामानातली समिधांची पिशवी मागे ठेवली होती. घोडे उतरले. पिशवी रिक्षात राहिली.

"दुकान गावात," कोणीतरी म्हणालं. "जाऊन येईस्तोवर तास जाईल."

"मुहूर्त अर्ध्या तासाचा आहे," गुरुजी म्हणाले. त्यांची नजर हॉलभर फिरली आणि माझ्या प्लायवूडवर येऊन थांबली. ते उठले. चष्मा वर केला, खाली केला. बोट न लावता एकेका काडीपाशी थांबले.

"ही रुई. हा पळस. खैर... हा कुठे मिळाला तुम्हाला? आघाडा, पिंपळ, उंबर. आणि ही शमी." ते माझ्याकडे वळले. "भाऊ, नवग्रहांच्या नऊपैकी सात तुम्ही लावून आणल्यात. दूर्वा आणि दर्भ माझ्याकडे आहेत. चिकटवल्यात कशाने?"

"मैद्याच्या खळीने."

"व्हार्निश?"

"नाही." मी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते कौतुक होतं. माझं नव्हे, स्वतःचं.

"मग चालेल," गुरुजी म्हणाले.

काय सांगू! दीड वर्षात माझं काम इतक्या बारकाईने पाहणारा हा पहिला माणूस. प्रत्येक काडी ओळखली, खैराला दाद दिली. आणि त्याला ते जाळायचं होतं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. अक्का सकाळपासून उपाशी, गाठीमुळे जागची उठू शकत नव्हती. "राहू दे रे," ती म्हणाली. "तुझी भिंत आहे ती. गुरुजी, दुसरं काही चालत नाही का?"

"भाव असला की सगळं चालतं," गुरुजी म्हणाले, पण 'चालतं' हा शब्द त्यांनी असा म्हटला की चालत नाही हे लहान पोरालाही कळलं असतं.

लहानपणी अक्काची वही मी कापली तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. मला निदान विचारत तरी होते. मी पुढे झालो आणि शमी ओढली. ती सहज आली. खैर आला नाही, तो प्लायवूडचा एक पापुद्रा घेऊनच निघाला. सातही काड्या गुरुजींच्या ताम्हणात ठेवल्या. त्यांनी तुकडे केले. कड् कड् आवाज झाला आणि धूर वर गेला. फार सुंदर धूर होता, निळसर. मी फोटो काढला. सवय.

जेवणाआधी दाजींनी घाईने घोडे उचलले. गुरुजी दक्षिणा बांधत होते, त्यांनी सहज विचारलं, "हे कुठे?"

"समोर, त्या खिळ्याले."

"म्हणजे तोंड दाराकडे. उंबऱ्याबाहेर पळताहेत." गुरुजींनी जीभ चावली. "घरातलं आहे-नाही ते घेऊन जातील."

दाजींनी चौकट फिरवून पाहिली. "उलटे टांगले तं?"

"मग छतावर चढतील."

सात घोडे त्या दिवशी धान्याच्या खोलीत गेले, तोंड ज्वारीच्या पोत्यांकडे करून. अक्काने माझं प्लायवूड स्वतः उचलून भिंतीवर लावलं. काड्यांच्या जागी खळीचे पांढरे ओरखडे होते, मध्ये आबा, आणि त्यांच्याभोवती सात रिकाम्या जागा. भिंत मी जिंकली होती. फक्त तिच्यावर लावायचं चित्र हरलो होतो.

दोन महिन्यांनी पुन्हा धुळ्याला गेलो. दारातच चपला काढणारी एक शेजारीण भिंतीकडे वळून हात जोडत होती. अक्काने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं की यातल्या काड्या वास्तुशांतीच्या होमात गेल्या. एवढं पुरलं. खळीच्या ओरखड्यांवर कुंकवाची बोटं उमटली होती. सोपटांच्या डोंगरात झेंडूची पाकळी अडकली होती. आबांच्या कपाळावर, मोबाईलने टिपलेल्या त्या गंभीर कपाळावर, ठसठशीत टिळा होता.

"हे महाराज कुठले?" शेजारणीने दाजींना विचारलं.

"यावलकडला महाराज शेतंस," दाजी म्हणाले, माझ्याकडे न बघता. "मोठा मानूस."

आणि खरं सांगतो, कुंकवाने चित्र सुधारलं होतं. लाल रंग कमी पडत होता, हे मला आधी कळायला हवं होतं. मी त्याचाही फोटो काढला.

परवा सकाळी पाटाकडेने जाताना तो फोटो बागेत जाऊन आबांना दाखवला. धुळ्याची भिंत, टिळा, झेंडू, जोडलेले हात. आबांनी मोबाईल लांब धरून, मग जवळ धरून पुष्कळ वेळ पाहिला. मग परत दिला आणि पडलेल्या केळीच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या फुटव्याकडे बोट दाखवलं.

"ते ठीक हाये रे भो," आबा म्हणाले. "पन पंचनाम्याचं काय झालं?"