मावशींचं पाणी

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मावशी चोवीस वर्षं डिस्टिल्ड वॉटर करत होत्या. सकाळी यंत्र लावायचं, थेंब थेंब कॅन भरू द्यायचा, मग बाटल्या टेबलांवर मांडायच्या. त्यांची एकुलती एक लेक याच कॉलेजात, याच प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर शिकली आणि पुढे संशोधनासाठी परदेशी गेली. त्याला सहा वर्षं झाली. रोजचा फोन आता रविवारवर आला होता, तोही अधूनमधून राहून जाई.

एके दिवशी नव्या मॅडमनी मावशींच्या पाण्यात आम्लता मोजणारा पीएच मीटर बुडवला. आकडा आला पाच पूर्णांक आठ.

"मावशी, शुद्ध पाणी आम्लही नसतं आणि आम्लारीही नसतं. उदासीन असतं. सात यायला हवं. कॅन धुतला नव्हता का?"

मुलांसमोर बोलल्या, ते मावशींच्या जिव्हारी लागलं. पण लेक स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायची, तेव्हा भाजी निवडता निवडता त्यांच्या कानावर बरंच पडलं होतं.

"पाणी चांगलंच आहे, मॅडम. कालपासून उघडं राहिलंय. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून आम्लाकडे झुकतं. थांबा थोडं."

त्यांनी तेच पाणी चंबूत खळखळ उकळलं, घट्ट बूच लावून गार होऊ दिलं. मीटर बराच वेळ डगमगला आणि सहा पूर्णांक नऊवर स्थिरावला.

मॅडम ओशाळल्या. "चुकलं माझं. कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

"लेकीने," मावशी म्हणाल्या आणि बाटल्या भरायला वळल्या.

रविवारी फोन आला. मावशींनी सगळं सांगितलं. लेक खूश झाली. बूच रबराचं होतं का, मीटर आधी तपासला होता का, एकेक विचारत राहिली. मावशी मुद्दाम सावकाश उत्तरं देत होत्या. प्रश्न संपले तसं त्यांनी विचारलंच, "येशील कधी, बाळा?"

"बघते गं, आई. या वर्षी अवघड आहे."

"बरं. जेवत जा वेळेवर."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी पहिल्या वर्षाच्या मुलांना तो प्रयोग मावशींकडूनच करून दाखवायला लावला. मावशी छान बोलल्या. फक्त खिडकीजवळच्या टेबलाकडे त्यांनी पाहिलं नाही. तिथे दोन वेण्यांची एक मुलगी मान खाली घालून भराभर लिहून घेत होती.