ऋतूला कावीळ नव्हती

हे मी आजवर कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या नात्यातले नाही.

माझी ऋतुजा तेव्हा नववीत होती. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर डॉक्टर म्हणाले, लिव्हरवर चरबी साठलीय. चौदा वर्षांच्या पोरीच्या? लिव्हर म्हणजे दारुड्यांचं दुखणं ना? तर म्हणे, दारूचा थेंबही न घेणाऱ्या मुलांना हल्ली होतं हे. गोड, तळलेलं, बाटलीतली सरबतं बंद. रोज चालायचं, खेळायचं. वेळीच केलं तर बरं होतं, नाहीतर पुढे अवघड.

मग मी काय केलं? सगळ्यांना सांगितलं — कावीळ झालीय. नवऱ्याला खरं ठाऊक होतं, पण नातेवाइकांना काय सांगायचं ते खातं माझं. कावीळ सोपी हो! पथ्य आपोआप आलं, दोष पाण्याला. चरबी म्हटलं की पहिला प्रश्न — काय खाऊ घातलंस गं पोरीला? आणि घातलंच होतं की! शाळेतून आली की तुपातला शिरा, रविवारी वडे, फ्रीजमध्ये कोल्ड्रिंकच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या. पोरगी गुबगुबीत म्हणून मी मिरवायचे.

पण पोरगी काय जिद्दीची निघाली! त्या बाटल्या तिनं स्वतः सिंकमध्ये ओतल्या. क्लासला गाडीवर सोडते म्हटलं तर, ‘नको, चालत जाते.’ सकाळी इंदिरानगरच्या ट्रॅकवर धापा टाकत फेऱ्या मारायची, मुलं ‘जाडी’ म्हणून चिडवायची, ही वळूनसुद्धा बघायची नाही. मला एक एकादशी धड होत नाही, आणि ही! खरं सांगते, तिचा हेवा वाटायचा.

आता कावीळ म्हटल्यावर लोक काय आणतात? उसाचा रस! हे माझ्या डोक्यात यायला नको?

थोरल्या नणंदबाई घोटीहून आल्या, त्या रसवंतीवरून कॅन भरूनच. शेजारच्या दोघीही बसलेल्या. ताईंनी मोठा पेला भरून ऋतूपुढे धरला. “पी गं बाय. लय गुणाचा हाय. कावीळ कशी उतरती बघ.”

ऋतूनं आधी माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली — चांगली वाट पाहिली. एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही बोलले.

तेव्हा तीच म्हणाली, “आत्या, मला कावीळ झालेलीच नाही. माझ्या लिव्हरवर चरबी आहे. मला रस चालत नाही.”

किती सरळ बोलली! आवाज जरासुद्धा कापला नाही. एवढंसं पोर, चार बायकांत. आणि मी — मी हसले. म्हटलं, “काहीतरीच! रस आवडत नाही ना, म्हणून थापा मारतेय. पी मुकाट्यानं.”

म्हणजे कळतंय ना तुम्हाला? जे तिला बाधणार, तेच मी तिला प्यायला सांगितलं. का, तर माझं नाव राहावं.

रिपोर्ट तिच्याच दप्तरात होता. काढून दाखवला असता तर तोंड लपवायला जागा उरली नसती मला. नाही दाखवला. “मी पिणार नाही,” म्हणाली, पेला बाजूला सरकवला आणि आत गेली. ताई म्हणाल्या, “लय खोटं बोलाया लागली गं ही!” मी मान डोलावली. हो, डोलावली.

ऋतू आता बारावीत आहे. गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीत लिव्हर साफ निघालं — सगळी तिच्या पायांची कमाई. एवढं सोसून तिनं मला एकदाही उघडं पाडलं नाही. असलं मन कुठून आणलं तिनं, देव जाणे. माझ्याकडून नक्कीच नाही.

ताई मात्र तिला अजून लाडानं ‘आमची खोटारडी’ म्हणतात. परवा भाच्याच्या साखरपुड्यात, पंगतीत, पन्नास माणसांसमोर म्हणाल्या. सगळे हसले, ऋतूही हसली. मी तिच्या शेजारीच बसले होते. मीही हसले.