घाटाखालचा वाटाड्या

सकाळी जळगाव जामोद सोडलं तेव्हा पाठीशी सातपुडा धुक्यात होता आणि शेजारच्या सीटवर माझे साडू अरविंदराव पुण्याचा चेहरा करून बसले होते. मागे त्यांची मुक्ता. पोरगी जनावरांची डॉक्टर झाली आणि पहिली नेमणूक मिळाली आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, बीबीला. सोमवारी रुजू व्हायचं की नकार कळवायचा, हे अरविंदराव गाव बघून ठरवणार होते. मुक्ताचं मन कधीच ठरलं होतं, पण बापाला दुखवून जायची तिची तयारी नव्हती. म्हणून एका दिवसात जिल्हा दाखवून साडूंना गार करायचा विडा मी उचलला.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग. घाटाखाली, म्हणजे पूर्णाकाठची काळी सपाट जमीन, आणि घाटावर, म्हणजे दक्षिणेचं पठार. मी जन्माचा घाटाखालचा. घाटावर माझं जाणं लग्नकार्यापुरतं. ही बाब गाडीत सांगण्याची मला गरज वाटली नाही.

पहिला थांबा शेगाव. दर्शनाची रांग, धुतलेली फरशी, "माउली, पुढे चला" म्हणत हात जोडणारे सेवेकरी. अरविंदराव खोट शोधत होते, ती काही सापडेना. "स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले. पुण्याच्या माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. बाहेर कचोरी खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते भक्तीचं धरलं.

खामगाव मागे पडलं, रस्ता घाट चढू लागला, काळ्या शेतांच्या जागी माळ आले, तुरी आल्या, आणि दुपारच्या आत आम्ही लोणारच्या कडेवर उभे राहिलो. खाली गोल दरी, तिच्या उतारावर गर्द झाडी, झाडीत जुनी देवळं आणि तळाशी हिरवं पाणी.

"गुलाबी म्हणाला होतात ना?" अरविंदराव.

"तळ्याच्या मनावर असतं ते."

पण अभिमान मला गप्प बसू देत नाही. "विचार करा, आकाशातून दगड पडायचा होता. अख्खी पृथ्वी मोकळी होती. पण पडला आमच्याच जिल्ह्यात!"

"पत्ता चुकला असेल."

मुक्ता खळखळून हसली. त्या हसण्याने चेव येऊन मी जाहीर केलं, की खाली उतरायची जवळची वाट मला माहीत आहे. ती वाट थोड्या वेळाने बाभळीत शिरली आणि तिथेच संपली. शर्टाची बाही काट्यांना देऊन आम्ही लोकांच्या वाटेने कमळजादेवीला पोचलो. तिथे तळ्याचं पाणी किती खारं ते दाखवायला मी पुढे झालो, आणि माझा उजवा पाय चपलेसकट चिखलात गेला. पाय आला. चपलेने तिथेच राहायचं ठरवलं. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळातली कोरीव शिल्पं मी अनवाणी दाखवली. देवळात अनवाणीच असावं लागतं, हा मुद्दा मी ठासून मांडला.

नवी चप्पल घेऊन बीबीकडे निघालो. तिथल्या माझ्या जुन्या मित्राच्या, श्रीरामच्या शेतात आज रोडग्यांचं जेवण होतं. (रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे. नवस फिटला की शेतात पंगत बसते.) बीबीच्या शिवारात शिरलो, तोच रस्त्याला लागून एका शेतात धूर दिसला. वऱ्हाडी माणसाला धूर दिसला की पुढचं विचारावं लागत नाही. मी गाडी आत घातली.

कोणीतरी पाय धुवायला पाणी दिलं, कोणीतरी पत्रावळी मांडल्या. रोडगे, तूप, वरण, वांग्याची भाजी. मित्राचं घर म्हणजे आपलंच घर, म्हणून मी भाजीचं भांडं उचलून वाढायलाच लागलो. पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्याला तर मी बळेच दोन रोडगे वाढले. "लाजू नका बाबा, आपलंच समजा!"

मग विचारलं, "श्रीराम दिसत नाही?"

"कोन श्रीराम?"

"ज्याचं शेत आहे तो."

म्हातारा शांतपणे तूप ओतत म्हणाला, "शेत तं माहं हाये."

पंगत एवढी हसली की झाडावरची पाखरं उडाली. अरविंदराव हातातला घास खाली ठेवून उठू लागले, तशी म्हाताऱ्याची बायको, देवकाबाई, समोर उभी राहिली. "बसा जी! भरल्या पत्रावळीवरून उठतेत काय कोनी?"

"आधी का नाही सांगितलंत?" मी ओशाळून तिला विचारलं.

"काऊन सांगू? भुकेजले होते तुमी. आन् वाढता बी चांगलं."

तिने मुक्ताला विचारलं, "तू कोन व माय?"

मुक्ताने सांगितलं, की ती जनावरांची डॉक्टर आहे आणि नेमणूक बीबीलाच मिळाली आहे. मग म्हातारा म्हणाला, "आमची गाय मरनाले टेकली होती. डाक्टर नोता दवाखान्यात, म्हनून देवाले नवस बोललो. त्याचेच हे रोडगे. आता तू येशीन तं देवाले बी जरा आराम."

"अजून ठरलं नाही," अरविंदराव घाईने म्हणाले. "मुलगी एकटी राहणार इथे. रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"एकटी?" देवकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बाप्पा! एकटं राहाले जागा कुठी हाये इथं? पोरगी शिंकली तं अर्धं गाव काढा घेऊन येईन!"

मुक्ता तोवर हात धुऊन गाईकडे गेली होती. गाईच्या मानेवर हात ठेवून ती काहीतरी पुटपुटत होती आणि गाय कान हलवत ऐकत होती. अरविंदराव बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग विचारलं, "पाणी रोज येतं का गावात?"

"नाई येत," देवकाबाई म्हणाली. "खोटं काऊन सांगू?"

दिवसभरात साडू पहिल्यांदा मोकळे हसले आणि त्यांनी आणखी एक रोडगा मागितला.

परतताना घाट उतरत असता त्यांनी पुण्याला फोन लावला. "नाही, नकार नाही कळवत. तिचं अंथरूण-पांघरूण बांधून ठेव." पलीकडून माझ्या मेव्हणीने विचारलं असावं, तिथे आपलं आहे कोण? अरविंदरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्या लोकांचं आडनावसुद्धा आम्ही विचारलं नव्हतं.

"आहेत आपली माणसं," ते म्हणाले.

माझी छाती एवढी फुगली की सीटचा पट्टा रुतू लागला. तरी मी बोललो नाही. तोंड उघडलं असतं, तर काहीतरी चुकलंच असतं.