पंधराव्या दिवसाचं चित्र

जग २०१२ च्या डिसेंबरात बुडणार, असं टीव्हीवर वर्षभर चाललं होतं. ते बुडलं नाही, आणि पुढच्या मे महिन्यात पप्पा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे हॅनोव्हरला आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मी तिथे पीएचडी करत होते. माझं यंत्र भिंत न खरवडता चुन्याखालचे जुने रंग दाखवायचं. निदान दाखवावं, अशी माझी आणि प्रोफेसरांची इच्छा होती. तोवर ते फक्त लॅबमध्ये, आम्हीच रंगवलेल्या विटांवर चाललं होतं.

त्याच महिन्यात जवळच्या एका खेड्यातल्या चर्चकडून इन्स्टिट्यूटला मेल आला. भिंतींना नवा रंग द्यायचा होता, पण त्याआधी जुन्या चुन्याखाली ‘युंगस्टेस गेरिष्ट’ आहे का, ते पाहायचं होतं. माझं जर्मन तेव्हा मेन्यूकार्डापुरतं. गेरिष्ट म्हणजे खायचा पदार्थ, एवढंच ठाऊक. चर्चच्या भिंतीत कुठला पदार्थ, असं मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, तर हसता हसता तो खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. गेरिष्ट म्हणजे न्यायनिवाडाही. जगाच्या अंती सगळ्या मेलेल्यांना उठवून देव करणार आहे तो शेवटचा निवाडा.

पप्पा घरी नुसतेच बसून होते, म्हणून त्यांनाही नेऊ का, असं मी प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले, “न्या की. यंत्राची पेटी उचलायला दुसरा माणूस लागेलच.”

चर्च लहानसं होतं, जाड दगडी भिंतींचं, आणि त्याचा मनोरा बुटका, खांद्यात मान घातल्यासारखा. तिथे दोघी आमची वाट पाहत होत्या. एक गावची पास्टोरिन, म्हणजे तिथली बाई धर्मगुरू. दुसरी जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करणारी, साठीकडे झुकलेली तज्ज्ञ बाई. निवाड्याचं चित्र असलंच तर समोरच्या कमानीवर असणार, असं तिचं म्हणणं होतं. दोन दिवस आम्ही कमान इंच इंच तपासली. स्क्रीनवर नुसता करडा धूर. रंगारी सोमवारी येणार होते.

गुरुवारी दुपारी मला यंत्राचीच शंका आली. म्हणून मी ते उगाच उत्तरेच्या कोऱ्या भिंतीकडे वळवलं. स्क्रीनवर एक सरळ रेघ आली. मग तिला काटकोनात दुसरी. मी यंत्र सरकवत गेले, आणि चौकोनाशेजारी चौकोन उमटत गेले. पप्पांनी पुढे होऊन स्टँड धरून ठेवला.

“पाच चौकोन,” ते म्हणाले. “वर-खाली अजून आहेत बघ. सरकव.”

पाचाच्या तीन ओळी उमटल्या, खालच्या ओळीतल्या शेवटच्या चौकोनाची मात्र नुसती वरची रेघ. तज्ज्ञ बाई स्क्रीनवर बोट ठेवून मोजत होती. “आल्झो,” ती म्हणाली, म्हणजे ‘तर मग’, आणि बाकावर बसली. “पंधरा. या पंधरा खुणा आहेत.”

मग तिने इंग्रजीत सांगितलं ते मी पप्पांना मराठीत सांगत गेले. मध्ययुगात इथल्या लोकांची श्रद्धा होती की निवाड्याआधी पंधरा दिवस रोज एक खूण दिसेल. पहिल्या दिवशी समुद्र डोंगरांच्याही वर भिंतीसारखा उभा राहील. दुसऱ्या दिवशी तो इतका खाली जाईल की दिसणार नाही. तिसऱ्या दिवशी मासे पाण्यावर येऊन हंबरडा फोडतील, आणि त्यांचं म्हणणं फक्त देवाला कळेल. मग पाणी पेटेल. झाडांना रक्ताचं दव येईल. घरं पडतील, दगड एकमेकांशी लढतील. गुहांत लपलेली माणसं वेड्यासारखी बाहेर येतील, पण त्यांना बोलता येणार नाही. तारे गळतील, जिवंत माणसं मरतील, आकाश आणि पृथ्वी जळून जातील. आणि पंधराव्या दिवशी नवी पृथ्वी, आणि तिच्यातून उठणारे सगळे मेलेले.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव नव्हता, स्वर्ग-नरक नव्हते, जगबुडीच्या बातम्या लागल्या की पप्पा चॅनेल बदलायचे. पण आता ते तोंड उघडं टाकून ऐकत होते. “माशांचा हंबरडा,” ते म्हणाले. “तो काढला कसा असेल त्या चित्रकाराने?”

तेवढ्यात पास्टोरिनच्या लक्षात आलं की भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दार आहे. दोनेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी भिंत फोडून ते काढलं होतं. शेवटचा चौकोन तिथेच होता. “म्हणजे पंधरावा गेला,” ती म्हणाली. “चौदा दिवसांचा विध्वंस उरला आणि नवी पृथ्वी गेली.” तिचा चेहरा खरंच उतरला.

तरी खात्री करायला तज्ज्ञ बाईने खालच्या ओळीतला मधला चौकोन निवडला. तिच्या हिशेबाने तो तेरावा, माणसं मरतात तो. तळहाताएवढ्या जागेवरचा चुना ती स्कालपेलने पापुद्र्या पापुद्र्याने काढत होती. आम्ही तिघं तिच्या मागे, श्वाससुद्धा जपून घेत. तासाभराने निळा रंग दिसला. मग एक गोल डोळा. मग वासलेलं तोंड, आत बारीक दातांची रांग.

तो मासा होता.

तेराव्या दिवशी मासा कसा, हे तज्ज्ञ बाईलाही कळेना.

“मासे कितव्या दिवशी म्हणालीस?” पप्पांनी मला विचारलं.

“तिसऱ्या.”

“मग याने खालून सुरुवात केलीय. बरोबरच आहे ना. समुद्र खाली, तारे वर. पाणी छताला कोण लावेल?” त्यांनी बोटाने हवेत तीन ओळी मारल्या, खालून वर. “दारात गेला तो पाचवा. पंधरावा तिकडे आहे.” आणि त्यांनी वरचा उजवा कोपरा दाखवला, तुळईच्या खाली, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता.

मी भाषांतर पुरं करायच्या आत तज्ज्ञ बाईला कळलं होतं. “गेनाऊ,” ती हळूच म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. “गेनाऊ, गेनाऊ.” पास्टोरिन तर फोन घेऊन बाहेरच धावली. तिने रंगाऱ्यांना सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं, आणि परांची मागवली.

शुक्रवारी सकाळी परांची उभी राहिली. पप्पा अठ्ठावन्न वर्षांचे, गुडघे दुखणारे, पण सगळ्यांत आधी तेच चढले. “अहो पप्पा, सावकाश,” मी खालून म्हणत राहिले. दुपारपर्यंत वहीच्या पानाएवढी जागा मोकळी झाली. हिरवं गवत. गवतातून कमरेपर्यंत वर आलेली उघडी माणसं, एकमेकांकडे नवलाने बघणारी. आणि त्यांच्या मागे एक चर्च, त्याचा मनोरा बुटका, खांद्यात मान घातल्यासारखा.

“हे तर आमचंच,” पास्टोरिन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

पप्पा कितीतरी वेळ त्या माणसांचे हात बघत होते. “हात काढता येत नव्हते त्याला,” ते म्हणाले. “गवतात लपवलेत. पण नजर काय काढलीय बघ.” मग त्यांनी माझ्यामार्फत पास्टोरिनला विचारलं, तिचा या सगळ्यावर विश्वास आहे का.

तिने थोडा विचार केला. “चौदा दिवसांचं मला नक्की सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “पंधराव्यावर आहे.”

पप्पांनी मान डोलावली. आमच्याकडे सगळं अनित्य म्हणतात, जग रोजच संपतं आणि रोजच नवं होतं, असं त्यांनी तिला सांगायला लावलं. माझ्या तोडक्या जर्मनमध्ये ते कितपत पोचलं कोण जाणे. पण ती दोघं परांचीवर शेजारी शेजारी बसून बराच वेळ गवताकडे बघत राहिली.

संध्याकाळी बातमी गावभर झाली. माणसं एकेक करून शिडी चढून वर येत होती. पप्पा वरच थांबले होते. भाषा येत नव्हती, तरी प्रत्येकाला ते आधी खाली, मग वर बोट दाखवून चित्रं कुठून कुठे जातात ते समजावत होते.