फळ्याचा उजवा कोपरा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. "मॅडम, मनाचे खेळ असतात" अशी कमेंट ज्यांना टाकायचीय त्यांनी आत्ताच टाकून मोकळं व्हावं... सव्वीस वर्षं झेडपीच्या शाळेत काढलीत मी, अक्कल शिकवणारे पुष्कळ पाहिलेत.

मी नाशिकची, सिडकोत राहते. निवृत्तीनंतर मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेतर्फे टांझानियाला गेले — सहा महिने, बिनपगारी. लोक म्हणाले, केवढी सेवा! सेवा कसली डोंबलाची. पळाले होते मी.

शेवटची शाळा देवळा तालुक्यात. चौथीतली रोहिणी, दोन वेण्या, लाल रिबिनी, रोज सकाळी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायची — पट किती, हजर किती. तिचा 'ट' एवढा मोठा की मी चिडवायचे, "अगं, ट आहे का टोपलं?"

तपासणीच्या दिवशी ती आलीच नाही. साहेब दारात उभे. मी न मोजताच खडू उचलला — पट २८, हजर २८. हजेरीतही तेच. संध्याकाळी तिची आई शोधत आली, तर आता कबूल कसं करायचं? "दिवसभर वर्गात होती की," म्हणाले. झालं! शाळा सुटल्यावर भलतीकडे गेली समजून सगळा गाव सटाण्याच्या रस्त्याला शोधत बसला. पोर सकाळीच, शाळेच्या वाटेवरच्या शेततळ्यात पडली होती. दुसऱ्या दिवशी सापडली.

आई मला एवढंच म्हणाली, "तुमनी वहीमा मनी पोर हजर शे ना? मंग माले आनी द्या."

टांझानियात मी पहिल्या दिवसापासून कुणाला नकोच होते. ग्रेस नावाची तिथली शिक्षिका तोंडावर म्हणाली, "तुम्ही येता, फोटो काढता, जाता." पोरं माझं स्वाहिली ऐकून खिदळायची. रोज तोच मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा... घशाखाली उतरेना.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी वर्गाचं कुलूप काढलं. उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं — पट ४१, हजर ४०.

मराठीत! आणि तोच टोपल्याएवढा 'ट'.

किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. पोरं मोजली. एक्केचाळीस, सगळी हजर. पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. हिचीच खोडी म्हणून मी ग्रेसशी कडाकडा भांडले. ती म्हणाली, "ही भाषा इथे तुझ्याशिवाय कोणाला येते?" कप्पाळ! पण रोज मोजत राहिले. मोजल्याशिवाय हातच हलेना.

बाराव्या दिवशी चाळीसच भरली. पुन्हा मोजली. चाळीस.

नीमा नावाची पोर नव्हती. ग्रेस म्हणाली, "आज बाजार आहे, आईबरोबर गेली असेल." मी तिचा दंड धरून ओरडले, "पाणी कुठेय? तिच्या वाटेवर पाणी कुठेय?"

विटांसाठी माती काढलेला एक खड्डा होता, पावसाने भरलेला. नीमा गळ्यापर्यंत पाण्यात, काठावरच्या झाडाच्या मुळाला लटकलेली. ओठ निळे. पण जिवंत! मी तिला छातीशी धरून गुरासारखी हंबरले.

थोड्या वेळाने ती बोलायला लागली, ग्रेस मला इंग्रजीत सांगत गेली. एक अनोळखी मुलगी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. तिनेच ढकललं. मग काठावर बसून पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "मोजतील का?" कोण मोजतील, मी विचारलं. नीमाला मराठीचा म येत नाही. पण उत्तर तिने सरळ माझ्याकडे बघून दिलं —

"बाई."

त्यानंतर फळा कोराच राहिला. मी मुदतीआधी परत आले. एक महिना घरात बसले, आणि मग देवळ्याची एसटी धरली. आणखी नाही सोसवलं.

रोहिणीची आई खळ्यात कांदा निवडत होती. तिने मला बस म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मी त्या दिवशी मोजलं नव्हतं. तुमच्याशी खोटं बोलले. चूक माझीच."

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. मान वर केली नाही. सडका कांदा बाजूला टाकला.

मी वळले. फाटकापर्यंत पोचले, तेव्हा मागून तिने विचारलं, "ती दुसरी पोर वाचनी ना?"

टांझानियातलं मी तिला काय, घरच्यांनाही सांगितलेलं नव्हतं. मी "हो" म्हणाले आणि बाहेर पडले. कोणाकडे याचा उलगडा असेल तर सांगा... माझ्याकडे नाही.