मॉन्टसेराट, नऊ गोल आणि मागचा बोळ

गेल्या शनिवारी सकाळी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले आणि भाताची पेज झाली. लेकीची नऊ वाजता मॅच होती... आणि ती खेळायला जाणार की नाही, हे आठ वाजले तरी घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सई आठवीत आहे, शाळेच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. गुरुवारी त्यांची साखळी स्पर्धेतली पहिली मॅच झाली आणि नऊ-शून्यने हरल्या. नऊ... तेही कोल्हापुरात, आमच्या पेठेत, जिथं पोरगं चालायच्या आधी बॉलला लाथ मारतं.

मी ऑफिसात होते, म्हणून तिला आणायला माझे सासरे गेले होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. तरुणपणी ते स्वतः पेठेतल्या तालमीच्या टीमचे गोलकीपर होते; इथं तालमींच्याही फुटबॉल टीम असतात.

आमच्या पेठेचा एक अलिखित नियम आहे. जिंकलं की हलगी वाजवत चौकातून यायचं, हरलं की मागच्या बोळातून गुपचूप घरी. चौकातल्या कट्ट्यावर चौकशी करणारे बसलेलेच असतात ना...

अण्णांनी सईला बोळातून आणलं. जर्सी दिसू नये म्हणून वरून स्वतःचं जाकीट घालायला दिलं. प्रेमानंच केलं हो त्यांनी, कुणी पोरीला टोचून बोलू नये म्हणून.

सईनं आल्या आल्या ग्लोव्हज माळ्यावर फेकले. "मी परत खेळणार नाही" एवढंच बोलली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मी म्हटलं, होईल शांत उद्यापर्यंत.

पण शुक्रवारी ती शाळेलासुद्धा बोळातूनच गेली. मी गॅलरीतून बघत होते. खेळ सोडला तर सोडू दे, पण ही आत्तापासून तोंड लपवायला शिकली तर पुढं काय करायचं?

शाहूपुरीतल्या ऑफिसात त्या दिवशी कशात लक्ष लागेना. शेवटी मोबाइलवर शोधलं, जगात सगळ्यात शेवटी कुठली टीम आहे ते. आईला सुचून सुचून काय सुचणार...

त्यात एकेकाळी सगळ्यात शेवटी असलेलं हे मॉन्टसेराट सापडलं. कॅरिबियनमधलं एवढंसं बेट. आपल्या एखाद्या मोठ्या खेड्यात मावतील एवढी माणसं.

तिथं ज्वालामुखी फुटला आणि राजधानी राखेखाली गेली. निम्म्याहून जास्त लोक बेट सोडून गेले, फुटबॉलचं मैदानही गेलं. काही वर्षं तर त्या देशाच्या टीमची एकही मॅच झाली नाही.

मग पुन्हा उभे राहिले. एकदा तर जगात सगळ्यात खालचे दोन नंबर एकमेकांशी खेळले, भूतान आणि हे. अर्धं जग ओलांडून भूतानला गेले, तिथं आजारी पडले आणि चार-शून्यनं हरून परत आले.

रात्री जेवताना मी हे सगळं मोठ्यानं वाचलं. सई ताटात बघत होती, ऐकत होती की नाही देव जाणे. अण्णांचा मात्र घास हातातच राहिला.

"मग परत खेळले का ते?"

"हो अण्णा. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नवीन मैदान केलं. इंग्लंडात गेलेल्यांची पोरं गोळा केली. आता मॅच जिंकतातसुद्धा."

अण्णा अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. मला आणखी एक घोर लागला... सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं, अण्णांनी तालमीच्या फायनलला एक गोल खाल्ला होता आणि तेवढ्यावर टीम हरली होती. त्या दिवशी बोळातून घरी आले आणि पुन्हा कधी मैदानात उतरलेच नाहीत. त्या फायनलचं नाव घरात कुणी काढत नाही.

तर शनिवारी सकाळी, भाताची पेज झाली तेव्हा, मला माळ्याखाली स्टुलाचा आवाज आला. बघते तर अण्णा वर चढलेले. गुडघे दुखतात म्हणून हा माणूस जिना चढत नाही, मी ओरडलेच.

त्यांनी ग्लोव्हज काढले, झटकले आणि सईच्या पुढ्यात टाकले. "चल. गुडघा दुखायलाय माझा, परत चढणार न्हाय मी." सईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि बूट घातले.

मॅचभर मी ओढणीचं टोक चावत बसले होते. हरल्याच. तीन-शून्य.

परत येताना सई सवयीनं बोळाकडं वळली. अण्णा जागेवरच थांबले. "तिकडं कुठं? घर इकडं हाय." आणि सरळ चौकाकडं चालायला लागले.

तिच्या अंगावर जर्सी, गुडघ्याला माती, हातात ग्लोव्हज. कट्टा नेहमीसारखा भरलेला होता आणि व्हायचं तेच झालं, एकानं हाक मारलीच.

"काय अण्णा, काय झालं नातीच्या मॅचचं?"

"हरली की. तीन खाल्ले. परवा नऊ खाल्लेले, तरी आज उभी राहिली." अण्णांनी सईकडं बघितलं. "मी एकच खाल्लेला, तर जन्मभर तोंड लपवलं."

कट्ट्यावरचे एक म्हातारे गृहस्थ सरकले आणि त्यांनी अण्णांना बसायला जागा दिली. अण्णा बसले, आणि सईलाही शेजारी बसवलं.

मॉन्टसेराटच्या लोकांना कोल्हापूर कुठं आहे हे माहीत असायचं कारण नाही. पण तुमचे उपकार आहेत बाबांनो... माझ्या घरातले दोन गोलकीपर त्या दिवशी चौकातून घरी आले.