मामाचा हर्निया आणि माझं बोहलं

आमच्याकडं नवरीला तिचा मामा उचलून बोहल्यावर नेतो. माझा मामा सोयगावचा शेतकरी, अंगानं नुसती काडी. आणि मी? नात्यातल्या बायका मला बघून हळूच मामाकडं बघायच्या.

त्यात लग्नाच्या तोंडावर मामाच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली. पठ्ठ्यानं लंगोट आवळला आणि गप्प बसला. पण आमच्या घरी एकदा असा शिंकला की कळवळून खालीच बसला. मी त्याला ओढतच गारखेड्यातल्या डॉक्टरांकडं नेलं.

"हर्निया आहे," डॉक्टर म्हणाले. "पोटाची भिंत सैल पडली की तिथून आतडं डोकावतं. कुणाचं जांघेतून, कुणाचं बेंबीतून, कुणाचं जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून. एक प्रकार तर बाहेरून दिसतच नाही, त्यात जठर वर छातीत सरकतं."

"म्हंजी आपलं जांघेतलं बरं म्हणा की!" मामा बाजारात वांगी निवडावीत तसा खूश झाला.

"बरं कसलं? आडवं झाल्यावर गाठ आत जाते तोवर ठीक. जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर धावत यायचं. आतडं अडकलं तर जिवावर बेततं. ऑपरेशन करून घ्या. वजन उचलायचं नाही, ऑपरेशननंतरही काही आठवडे नाही."

"मग लग्न झाल्यावर करू. आधी भाची उचलतो." माझं डोकं असं फिरलं! पण तो ऐकेल तर शपथ.

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी मुलीच्या मामाला हाक दिली. मामानं कमरेला उपरणं करकचून बांधलं आणि वाकला. मी मागं सरले.

"मामा, हात लावलास तर मी इथंच फतकल मारीन!"

"तू जन्मलीस तवापासून वाट बघतोय पोरी. नाय म्हणू नको."

त्याचे डोळे भरले. मला काय झालं कोण जाणे, मी पदर खोचला आणि त्यालाच उचललं. मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. नवरदेव अंतरपाटावरून डोकावू लागला. मामा एका हातानं जांघ दाबून ओरडत होता, "अगं हसवू नको, गाठ बाहेर येती!"

बोहल्याशी त्याला उतरवलं, तर तो माझी मान सोडेना. कानाशी लागून म्हणाला, "लग्नाचं निमित्त होतं गं. मला ऑपरेशनची लई भीती वाटती. तू येशील का दवाखान्यात जवळ बसायला?"

"येते," म्हणाले आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच मला रडू कोसळलं.